आपला संघ कोणता?

इतिहास शिकवताना सर्वांत अवघड धडा कोणता, असे मला कुणी विचारले तर मी पानिपत सांगणार नाही. सुरतेतील मराठी शाळेत सर्वांत अवघड धडा म्हणजे सुरतेची लूट. इ. स. १६६४ आणि इ. स. १६७०. सनावळ्या सोप्या आहेत, कारणेही सरळ आहेत. अडचण येते ती सर्वनामाची. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात लिंबायतकडून येणाऱ्या एका मुलाने हात वर करून विचारले होते, "सर, म्हणजे आपण लुटलं, की आपल्याला लुटलं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि घंटा वाजली म्हणून सुटलो. त्या मुलाचे घर सुरतेतले, गाव शिंदखेड्याकडचे, बाप मागावर, आणि धडा मराठीतून. त्याने विचारलेला प्रश्न खोडसाळ नव्हता. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. परंतु तो प्रश्न पुढे एकदा माझ्याच घरात, माझ्याच मुलाच्या तोंडून आणि भलत्याच निमित्ताने उभा राहिला. ते निमित्त म्हणजे क्रिकेट. आणि काळ २०१६-१७ चा रणजी मोसम.

आधी घरची माहिती सांगतो. आमचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, नंदुरबार तालुक्यातील एका खेड्यातून सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुरतेला आले. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जी हजारो माणसे आली त्यांतलेच ते एक. नवापूरच्या स्टेशनावर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आप्पा म्हणत, गाडी तिथे थांबली की इंजिन एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात. बत्तीस वर्षे त्यांनी उधन्याच्या मागांवर पाळ्या केल्या. अहिराणी त्यांची घरची भाषा, गुजराती मागावरची आणि मराठी वाचनाची. त्यांचे वाचन म्हणजे मुंबईचे शिळे वर्तमानपत्र, आणि त्यातही शेवटून दुसरे पान. क्रिकेटमध्ये त्यांचा संघ एकच, मुंबई.

वास्तविक हे त्यांचे मुंबईप्रेम रणजीच्या नकाशात बसत नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव हा मुलूख 'महाराष्ट्र' या संघाचा, म्हणजे पुण्याच्या संघटनेचा. मुंबईचा संघ निराळा आणि विदर्भाचा तिसराच. एका राज्याचे तीन संघ. गुजरातेतही तोच प्रकार : गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा. १९५६ साली द्वैभाषिक झाले, १९६० साली ते मोडले, सीमा हलल्या, पश्चिम खानदेशातील आज निझर-उच्छल भागात मोडणारी काही गावे सुरत जिल्ह्यात गेली, डांग गुजरातेत राहिला, उंबरगावकडचा भाग ठाण्यातून निघाला. एवढी उलथापालथ झाली तरी रणजीचे हे जुने संघ आपापल्या नावांनी खेळतच राहिले. १९३४-३५ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा भाषावार प्रांत हा फक्त ठरावांचा विषय होता. संघ बांधले गेले ते संस्थाने, प्रांत आणि जिमखाने यांच्यावर. म्हणून सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याचे झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद राहिले ते १९४८ साली पुण्यात, आणि होळकरांच्या संघातूनही खेळले. विनू मांकड जामनगरचे. पण नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान असे सगळ्यांकडून खेळून आले. मुंबईच्या फलंदाजीचा ज्यांनी पाया घातला ते विजय मर्चंट घरी गुजराती बोलणारे. पॉली उम्रीगर मुंबईकडूनही खेळले आणि गुजरातकडूनही. तेव्हा संघावरून माणसाची भाषा ओळखू पाहणारा फसलाच म्हणायचा.

आप्पांना हे सारे मी एकदा समजावून सांगितले होते. एम. ए. झालेल्या मुलाचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुंबई आपली शे." वाडेकर, गावसकर, वेंगसरकर ही नावे ज्या भाषेत आहेत ती भाषा आपली, म्हणून संघ आपला. संपले. १९९१ साली मुंबई अंतिम सामन्यात हरियाणाकडून अवघ्या दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद उभे आणि शेवटचा गडी धावबाद. मी तेव्हा कॉलेजात होतो. ती बातमी वाचून आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मागाच्या मालकाने दुसऱ्या दिवशी विचारले, घरी कुणी वारले का?

आता माझ्या चिरंजीवांविषयी. एक कबुली येथेच देऊन टाकतो. मी मराठी शाळेत नोकरी करणारा माणूस, पण मुलाला इंग्रजी शाळेत घातले. पालकसभेत मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व सांगताना माझा आवाज किंचित खाली जातो तो त्यामुळे. मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत सुरती गुजराती, आणि वहीत इंग्रजी. २०१६ च्या दिवाळीत तो तेरा वर्षांचा होता. सुट्टीत त्याने एक शंभर पानी वही घेतली, वर गुजराती लिपीत 'गुजरात' असे लिहिले आणि जाहीर केले की या मोसमात गुजरातचा एकूण एक सामना तो या वहीत उतरवणार. आप्पांनी चष्मा वर करून वहीकडे पाहिले. त्यांना गुजराती लिपी चांगली वाचता येते. पण ते काही बोलले नाहीत.

त्या मोसमाची एक गंमत होती. क्रिकेट मंडळाने त्या वर्षापुरते सारे सामने त्रयस्थ मैदानांवर ठेवले होते. म्हणजे गुजरातचा संघ गुजरातेत खेळणारच नाही. सुरतेत लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानावर त्याला पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी हा प्रयोग मंडळाने गुंडाळला, आणि बरेच झाले. परंतु आमच्या घरापुरते सांगायचे तर त्या प्रयोगामुळे भूगोलाचा आणि इतिहासाचा मोठा अभ्यास झाला. मुलाने भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि संघ जाईल तिथे टाचणी टोचू लागला.

एक टाचणी बेळगावात टोचली गेली. पंजाबविरुद्धच्या सामन्यात प्रियांक पांचाळने तिथे नाबाद ३१४ धावा केल्या. रणजीच्या सुरुवातीपासून खेळणाऱ्या गुजरातच्या संघातील कुणाही फलंदाजाचे हे पहिलेच त्रिशतक, आणि ते झाले कुठे, तर बेळगावात! मुलाने मला विचारले, "बाबा, बेळगाव महाराष्ट्रात आहे ना?" मी म्हणालो, "नाही, कर्नाटकात." तो म्हणाला, "मग आजोबा कशाला म्हणतात, बेळगाव आपलं?" त्या दिवशी जेवण होईपर्यंत मी त्याला फाजल अली आयोग, महाजन आयोग वगैरे सांगितले. त्याने ऐकले, पण वहीत फक्त ३१४ लिहिले.

याच मोसमाच्या मध्यावर, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदी झाली. सुरतेच्या माग-धंद्यात मजुरी रोखीने चालायची. पंधरवड्याचा पगार थांबला, पाळ्या कमी झाल्या, आमच्या शाळेतली कितीतरी मुले आईबापांबरोबर खानदेशात गावी गेली. काही दिवस वर्गात अर्धी बाके रिकामी असत. आप्पा सकाळी सातला बँकेच्या रांगेत उभे राहत आणि दुपारी दोनला परत येत. रांगेत वेळ जावा म्हणून नातवाची वही बरोबर नेऊ लागले. मला वाटते गुजरातच्या संघातली नावे त्यांना तिथेच पाठ झाली. एकदा घरी आल्यावर विचारू लागले, "हा जुनेजा पंजाबी वाटतो, गुजरातकडून कसा?" मी हजाऱ्यांचे उदाहरण दिले. मग त्यांनीच पुस्ती जोडली, "आणि तो रुद्रप्रताप सिंग उत्तर प्रदेशचा." त्या मोसमात मुंबईकडून विजय गोहिल खेळत होता आणि गुजरातकडून समित गोहेल. नातवाने आजोबांपुढे ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून ठेवली आणि काहीच म्हटले नाही. वकिली करील पोरगा.

या समित गोहेलविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याची ती खेळी मी आयुष्यात विसरणार नाही, जरी तिचा एकही चेंडू मी पाहिला नाही. डिसेंबरअखेर जयपूरला ओडिशाविरुद्ध उपान्त्यपूर्व सामना होता. गुजरातने पहिल्या डावात २६३ केल्या, ओडिशाच्या १९९ झाल्या. दुसऱ्या डावात गोहेल सलामीला गेला आणि परत आलाच नाही. सारा संघ बाद होईपर्यंत तो उभा होता : नाबाद ३५९. सातशेतेवीस चेंडू, नऊशे चौसष्ट मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक वेळ. सलामीला येऊन अखेरपर्यंत नाबाद राहणाऱ्या फलंदाजाची ही प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या ठरली. आधीचा ३५७ चा विक्रम इंग्लंडच्या बॉबी एबेलचा, १८९९ सालचा. लोकमान्यांच्या 'केसरी'च्या काळातला विक्रम आणंदच्या एका शांत मुलाने मोडला, असे मी वर्गात सांगितले. तेवढेच मुलांना सन लक्षात राहण्याचे साधन. गुजरातच्या ६४१ धावा झाल्या, ओडिशापुढे ७०६ चे अशक्य आव्हान उरले, सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर गुजरात पुढे गेला. वर्तमानपत्रांनी या खेळीला कंटाळवाणी म्हटले असेलही. मागावर बारा-बारा तास उभे राहिलेल्या माणसाला ती तशी वाटली नाही. "सोळा घंटा उभा ऱ्हायना?" एवढेच आप्पांनी विचारले आणि वही हातात घेऊन तो आकडा दोनदा वाचला.

उपान्त्य सामना नागपूरला, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, झारखंडशी. पांचाळने १४९ केल्या खऱ्या, पण झारखंडने अठरा धावांची आघाडी घेतली. आता सामना अनिर्णित राहिला तर गुजरात बाहेर. झारखंडला जिंकायला २३५ हव्या होत्या आणि ते १११ धावांत आटोपले. जसप्रीत बुमराहने २९ धावांत सहा बळी घेतले. पांचाळच्या मोसमात एकूण १३१० धावा झाल्या, देशात सर्वांत अधिक.

दुसरीकडे राजकोटला मुंबईने तमिळनाडूला हरवले. विरारच्या सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉने पहिल्याच रणजी सामन्यात शतक ठोकले. अंतिम सामना ठरला : मुंबई विरुद्ध गुजरात, इंदूर, १० जानेवारी २०१७ पासून. मुंबईची तोवर एकेचाळीस अजिंक्यपदे झालेली, गुजरातचे एकही नाही.

मी इतिहासाचा शिक्षक, मला राहवेना. गुजरातचा संघ याआधी एकदाच अंतिम सामन्यात पोहोचला होता, १९५०-५१ साली. तोही इंदूरलाच. समोर होता सी. के. नायडूंचा होळकर संघ, आणि गुजरात १८९ धावांनी हरला होता. होळकरांचे राज्य तोवर विलीन झालेले, पण त्यांच्या नावाचा संघ खेळत होता. चार वेळा रणजी करंडक जिंकून १९५५ नंतर तो नाहीसा झाला. आता ज्या मैदानावर सामना होणार त्याचे नाव होळकर स्टेडियम. अहिल्याबाईंच्या मुलखात, मल्हाररावांच्या घराण्याचे नाव असलेल्या मैदानात, मुंबई आणि गुजरात लढणार, आणि सुरतेच्या एका मराठी घरात आजोबा एका बाजूला, नातू दुसऱ्या बाजूला. मी कुणाच्या बाजूला? पत्नीने विचारले तेव्हा मी म्हणालो, चांगला खेळेल त्याच्या. ती म्हणाली, "मास्तरकी उत्तर देऊ नका."

पहिल्या दिवशी मुंबई २२८ धावांत बाद. शॉने ७१ केल्या, सूर्यकुमार यादवने ५७. बुमराह भारतीय संघात गेल्यामुळे या सामन्यात नव्हता, तरी ही गत. गुजरातने ३२८ केल्या. कर्णधार पार्थिव पटेल ९०, मनप्रीत जुनेजा ७७. शंभर धावांची आघाडी पाहून मुलगा घरभर नाचला. आप्पा म्हणाले, "मुंबई शे ती. बघ." आणि मुंबईने दुसऱ्या डावात ४११ केल्या. श्रेयस अय्यर ८२, आदित्य तारे ६९, आणि शेवटी अभिषेक नायर शेपटाला हाताशी धरून ९१. गुजरातला हव्या होत्या ३१२. रणजीच्या अंतिम सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग कुणीही केलेला नव्हता. १९३७-३८ साली हैदराबादने नवानगरविरुद्ध ३१० केल्या होत्या, तोच उच्चांक. चौथ्या दिवसअखेर बिनबाद ४७.

पाचवा दिवस १४ जानेवारीचा. म्हणजे आमची मकरसंक्रांत आणि सुरतेची उत्तरायण. ज्यांनी सुरतेची उत्तरायण पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. त्या दिवशी शहर जमिनीवर नसतेच. झाडून सारे गच्चीवर. मांज्याने कापलेली बोटे, उंधियूचे पातेले, जिलेबी, भोंगे, आणि पतंग कटला की साऱ्या गल्लीचा एका सुरात 'काइपो छे!' आमच्या गच्चीवर पत्नीने तिळगुळाचा डबा आणून ठेवला होता, शेजारच्या सुरती काकूंनी उंधियू पाठवले होते. मुलाने घरातला टीव्ही जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवला. एका हातात फिरकी, नजर पडद्यावर.

सकाळी पांचाळ गेला, मेराई गेला, गोहेल गेला. ८९ वर तीन. आप्पा सतरंजीवर बसून वाटाणे सोलत होते. ते वर न पाहता म्हणाले, "झालं." मुलाने फिरकी खाली ठेवली. मग पार्थिव आणि जुनेजाने खेळायला घेतले. पार्थिवला वाचकांनी पाहिले असेलच : लहान चणीचा, सतरा वर्षांचा असताना २००२ साली इंग्लंडात कसोटी यष्टिरक्षक म्हणून उतरलेला, मग संघातून आत-बाहेर होत राहिलेला. आता तो एकतीस वर्षांचा होता. शार्दूल ठाकूर जीव तोडून टाकत होता, आणि हा गडी ऑफच्या बाहेरचा चेंडू असा कापत होता की जणू खाली गल्लीत पतंग कापतोय. दोघांनी शंभराहून अधिक जोडल्या. जुनेजा गेला, रुजुल भट्ट आला. दुपार झाली. शेजारच्या गच्चीवरचे लोक आमच्या गच्चीवर आले, कारण टीव्ही आमच्याकडे. पतंगांकडे कुणाचे लक्ष उरले नाही.

माझे मला तेव्हा कळले की मी मुंबईच्या गोलंदाजीवर चिडत नाही आहे. पार्थिवचे शतक झाले तेव्हा मी टाळी वाजवली आणि चटकन आप्पांकडे पाहिले, वर्गात चोरून हसलेल्या मुलाने मास्तरांकडे पाहावे तसे. ते पडद्याकडेच पाहत होते. वाटाण्यांची परात तशीच पडली होती.

विजय हाताशी आला असताना पार्थिव १४३ वर बाद झाला. गच्चीवर एकदम शांतता. थोड्याच वेळात चिराग गांधीने उरलेल्या धावा काढल्या. पाच बाद ३१३. मुंबई तब्बल सव्वीस वर्षांनी अंतिम सामना हरली होती. १९९१ नंतर पहिल्यांदाच. गल्लीत भोंगे वाजले, कुणी 'काइपो छे' ओरडले, आणि आमचा मुलगा आप्पांच्या गळ्यात पडून ओरडला, "दादा, आपणे जीती गया!"

एरवी तो आजोबांशी मराठीतच बोलतो. हे वाक्य गुजरातीत आले. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. गुजरातीतही तसेच : 'अमे' आणि 'आपणे'. मुलगा 'अमे जीती गया' म्हणू शकत होता. हरलेल्या आजोबाला तसे म्हणणेच खरे तर बरोबर ठरले असते. तो 'आपणे' म्हणाला. मुद्दाम म्हणाला असे मी म्हणणार नाही. गल्लीतली पोरे तसेच ओरडत होती.

आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग तिळगुळाचा डबा ओढून घेतला, एक लाडू नातवाच्या हातावर ठेवला, दुसरा शेजारच्या काकांच्या. रात्री ते जेवले. मी मुद्दाम लक्ष ठेवले होते.

पुढच्या वर्षी गुजरात उपान्त्यपूर्व फेरीत बंगालसमोर थांबला आणि वहीची राहिलेली पाने तशीच राहिली. त्या वर्षीचा अंतिम सामनाही इंदूरलाच झाला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. बातमी आप्पांनीच मला वाचून दाखवली. मग वर्तमानपत्राची घडी घालत नातवाला हाक मारली आणि विचारले, "काय भाऊ, विदर्भ आपला शे ना?"